लुका गेला, आता आपण कोणाचे?

या महिन्यात बास्केटबॉलवरची पत्रं जास्त आलीयेत आणि बहुतेकांचं दुखणं सारखंच आहे, लाडका प्लेयर टीम सोडून गेला. काहींचा एनबीएमधला, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधला, एका मुलीचा तर स्वतःच्या क्लबमधला. ठाणे-नवी मुंबईत या खेळाची किती पोरं वेडी आहेत हे ज्यांना माहीत नाही त्यांनी संध्याकाळी एखाद्या सेक्टरमधल्या कोर्टवर फक्त अर्धा तास उभं राहावं. चार पत्रं घेतलीत, नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: दादा, मी नेरुळचा, इंजिनीअरिंगच्या सेकंड इयरला आहे. शाळेत असताना लुका डॉन्चिच डॅलसला आला तेव्हापासून मॅव्हरिक्स, म्हणजे डॅलसची टीम, बघतोय. सकाळी सातची मॅच अर्धी घरी आणि अर्धी नेरुळ-ठाणे लोकलमध्ये, अशी सवयच लागलेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला लॉस एंजेलिसच्या लेकर्सला पाठवलं आणि आमचा पाच जणांचा ग्रुप फुटल्यासारखा झाला. दोघं सरळ लेकर्सचे झाले, एक म्हणतो टीम म्हणजे टीम, प्लेयर येतात नि जातात, एकाने तर एनबीए बघणंच सोडलं. मी मधेच लटकलोय. मॅव्हरिक्सची मॅच लावली की राग येतो, लेकर्सची लावली की चोरी केल्यासारखं वाटतं. आई म्हणते, तो तुझा लागतो कोण? इतके महिने झाले तरी हे डोक्यातून जात नाहीये, हे नॉर्मल आहे का? आणि मी आता सपोर्ट कोणाला करू?

उत्तर: नॉर्मल आहे रे. आणि आईला सांग, लागतो कोणीतरी. साडेसहा सीझन ज्याला आठवड्यातून तीन-तीन सकाळी बघितलं, ज्याचा स्टेपबॅक (मागे सरकून मारलेला शॉट) सोसायटीच्या कोर्टवर शंभरदा करून बघितला, ज्याने जानेवारी २०२४ मध्ये अटलांटाविरुद्ध एकाच मॅचमध्ये ७३ पॉइंट मारले तेव्हा तू बहुतेक घरात ओरडला असशील, तो माणूस तुला ओळखत नाही हे खरं पण तू त्याला ओळखतोस ना. डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ सालीच लिहून ठेवलंय की रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी बघणाऱ्याचं असं एका बाजूचं नातं जुळतं आणि बघणाऱ्याला ते नातं अगदी खऱ्यासारखं वाटतं. म्हणजे हे मोबाइलच्या पिढीचं खूळ नाहीये, तुझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलंय.

आणि ही घटना साधी नव्हती. २ फेब्रुवारी २०२५, आपल्याकडे रविवारची सकाळ, आणि बातमी अशी आली की अर्ध्या जगाला वाटलं बातमी देणाऱ्या पत्रकाराचं अकाउंटच हॅक झालं. लुका तेव्हा २५ वर्षांचा. आठ महिन्यांपूर्वीच टीमला फायनलला घेऊन गेलेला, बॉस्टनकडून ४-१ हरले ते वेगळं. आधी कुजबुज नाही, प्लेयरची तक्रार नाही, 'मला सोडा' असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही, आणि अचानक अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि लेकर्सचा २०२९ चा पहिल्या राउंडचा पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वाटपात, एक पोरगा निवडायचा हक्क) एवढ्यावर तो गेलासुद्धा. ज्या गोष्टीची मनाला जराही तयारी नसते ती पचायला जास्तच वेळ लागतो, म्हणून महिने मोजत बसू नकोस.

आता खरं सांगायचं ते हे, की कोणाला सपोर्ट करायचा हे नंतर बघू, आधी तुझा राग नेमका कोणावर आहे ते नीट लाव. कारण 'सोडून गेला' हे आपण सगळ्यांनाच म्हणतो पण जाण्याजाण्यात फरक असतो. २०१० मध्ये लेब्रॉन जेम्सने क्लीव्हलँड सोडलं ते स्वतः ठरवून आणि ते पण टीव्हीवर खास प्रोग्रॅम करून, तिथल्या लोकांनी त्याच्या जर्सी जाळल्या, ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही पण राग कोणावर होता ते तरी स्पष्ट होतं. २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट ओक्लाहोमा सिटी सोडून गोल्डन स्टेटला गेला, तेही ज्या टीमने त्यांना ३-१ मागे असताना उलटून हरवलं त्याच टीममध्ये, तिथे पण निर्णय त्याचाच. लुकाचं तसं काहीच नाहीये. त्याला जगाबरोबरच कळलं म्हटलं तरी चालेल. निर्णय होता मॅनेजमेंटचा, जनरल मॅनेजर निको हॅरिसनचा, आणि त्यांचं म्हणणं की चॅम्पियनशिप डिफेन्सवर जिंकली जाते. मला हे तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, पंचविशीतला असा प्लेयर हातात असताना डिफेन्स त्याच्या आजूबाजूला उभा करायचा असतो, त्याला देऊन नाही.

डॅलसच्या लोकांना हे लगेच कळलं. ते शवपेटी घेऊन स्टेडियमबाहेर डर्क नोवित्स्कीच्या पुतळ्यापाशी जमले, मॅचमध्ये 'फायर निको'च्या घोषणा देत राहिले, पण लुकाच्या नावाने कोणी शंख केला नाही. ९ एप्रिल २०२५ ला तो लेकर्सच्या जर्सीत डॅलसला परत आला, सुरुवातीला त्याचा व्हिडिओ लावला तर हा बेंचवर बसून रडतोय, आणि मग उठून ४५ पॉइंट मारून त्यांनाच हरवलं, आणि सगळं स्टेडियम त्याच्यासाठी टाळ्या वाजवतंय. हरलेल्या टीमचं स्टेडियम! पुढे ११ नोव्हेंबर २०२५ ला हॅरिसनला काढलं. त्याने लुका परत आला नाही, पण निदान लोकांचा राग चुकीच्या दारात गेला नव्हता एवढं दिसलं.

तुला चोरी केल्यासारखं वाटतंय त्याबद्दल. मॅव्हरिक्सचा सगळ्यात मोठा माणूस कोण? डर्क. २१ सीझन एकाच टीममध्ये, २०११ ची चॅम्पियनशिप, बाहेर पुतळा. लुका लेकर्सकडून पहिली मॅच खेळला तेव्हा हाच डर्क लॉस एंजेलिसला जाऊन प्रेक्षकांत बसला होता. त्याच्यापेक्षा जास्त मॅव्हरिक्सवाला तू पण नाहीस आणि मी पण नाही. तेव्हा लेकर्सची मॅच बिनधास्त लाव, लुकासाठी लाव, लेकर्सवर प्रेम करायची काही सक्ती नाहीये.

मॅव्हरिक्सचा राग मात्र थोडा वेगळा आहे, कारण आता त्या जर्सीत कोण खेळतंय बघ. ड्राफ्टमध्ये आधी कोण निवडणार हे ठरवणाऱ्या मे २०२५ च्या लॉटरीत पहिला पिक मिळायची त्यांची शक्यता होती फक्त १.८ टक्के आणि तो लागला, आणि कूपर फ्लॅग आला. ड्राफ्ट झाला तेव्हा तो १८ वर्षांचा. त्या पोराने तुझं काय वाकडं केलंय? त्याने हा ट्रेड (प्लेयरची अदलाबदल) केला नाही, त्याने लुकाला घालवलं नाही. त्याची एखादी मॅच कसलीही शपथ न घेता नुसती बघ. नाही आवडली तर बंद कर. पण हॅरिसनचा राग त्याच्यावर काढलास तर निको गेल्यावरही निर्णय त्याचाच चालतोय असं होईल.

ग्रुपचं सांगतो आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लेकर्सच्या दोघांना पलटू म्हणणं बंद करा, ते प्लेयरमागे गेलेत, मॅव्हरिक्सवाला टीममागे राहिलाय, आणि दोन्ही खरंच आहे. ज्याने बघणं सोडलंय त्याला मॅच बघायला ओढू नका, खेळायला बोलवा, कोर्टवर तर त्याचं भांडण नाहीये ना कोणाशी. दोन्ही टीम लीगच्या वेस्ट गटातच आहेत त्यामुळे सीझनमध्ये तीन-चार वेळा समोरासमोर येतात, त्यातली एक मॅच सुट्टीच्या सकाळी आली तर पाचही जण एकाच घरी बसा. आणि रात्री झोपताना त्या ट्रेडवरचे व्हिडिओ बघत बसायचं थांबव, कोण बरोबर कोण चूक याचा निकाल आता लागलाय, तू अजून किती वेळा ऐकणार? कोणाला सपोर्ट करू याचं उत्तर आज द्यायलाच पाहिजे असं कोण म्हणालं? दोन्ही बघ. एका सीझनने तुझं तुलाच कळेल की सकाळी उठून हात आधी कोणाच्या स्कोअरकडे जातो.

प्रश्न: मी वाशीला राहतो, बँकेतून रिटायर झालो. नातवाबरोबर ही अमेरिकन मॅच बघायला लागलो आणि गोडी लागली. पण एक कळत नाही. आमची बदली व्हायची, रडत-कुढत जायचो, पण बँक तीच असायची. इथे माणसाला न विचारता एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे कसं काय पाठवतात? आणि तो जातो कसा?

उत्तर: काका, तुमचा प्रश्न तिथल्या प्लेयर लोकांनाही पडतो. तिथे करार प्लेयर आणि टीममध्ये होतो, पण टीमला तो करार जसाच्या तसा दुसऱ्या टीमच्या हवाली करता येतो. पगार तोच, वर्षं तीच, फक्त शहर बदललं, घर बदललं, मुलांची शाळा बदलली. आपल्या संमतीशिवाय ट्रेड करता येणार नाही असं कलम फार थोड्या प्लेयरच्या करारात असतं, लुकाच्या करारात नव्हतं. नाही जात म्हटलं तर पगारावर पाणी सोडावं लागतं, म्हणून जातात. करार संपला की मात्र प्लेयर मोकळा, तेव्हा त्याला हवं तिथे जाता येतं, त्याला फ्री एजन्सी म्हणतात. लेब्रॉन, ड्युरंट हे असे गेले. म्हणजे एक बदली आणि एक राजीनामा, आणि लोक दोन्हीला एकाच तोंडाने शिव्या घालतात त्याचं मला वाईट वाटतं.

पैशाचं पण ऐका. जो प्लेयर आपल्या मूळ टीममध्येच राहतो त्याला काही अटींवर फार मोठा करार मिळू शकतो, लुकाला डॅलसमध्ये पाच वर्षांचे साधारण ३४.५ कोटी डॉलर मिळण्यासारखे होते. ट्रेड झाला आणि तो हक्कच गेला. नंतर ऑगस्ट २०२५ मध्ये लेकर्सशी तीन वर्षांचा १६.५ कोटी डॉलरचा करार केला. रक्कम आपल्याला अवाढव्यच आहे, पण 'पैशासाठी गेला' असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

मग टीम असं करते तरी का? कारण कधीकधी जमतं, आणि असं जमतं की विचारू नका. ड्युरंट फ्री एजंट म्हणून गेला तेव्हा ओक्लाहोमा सिटीच्या हातात काहीच आलं नव्हतं. २०१९ मध्ये त्यांच्या पॉल जॉर्जला जायचं होतं, या वेळी त्यांनी ट्रेड केला आणि क्लिपर्स टीमकडून शाई गिल्जस-अलेक्झांडर नावाचा तरुण पोरगा, डॅनिलो गॅलिनारी आणि पहिल्या राउंडचे पाच पिक घेतले. त्यातल्याच एका पिकमधून पुढे जेलन विल्यम्स आला. त्या वेळी फॅन लोकांना वाटलं संपलं सगळं, आणि जून २०२५ मध्ये हीच टीम चॅम्पियन झाली, शाई त्या सीझनचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेयर. फक्त मधली काही वर्षं त्यांनी मॅचमागून मॅच हरलेल्या बघितल्या, ती वर्षं कोणी दाखवत नाही.

आणि नातवाला विचारा, २०१५ मध्ये ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय प्लेयर कोण? सतनाम सिंग, ५२ वा पिक, आणि निवडणारी टीम मॅव्हरिक्सच. एनबीएची मॅच खेळायला नाही मिळाली त्याला, पण आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी डॅलसचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

प्रश्न: दादा, मी ठाण्यात एका क्लबकडून खेळते, अंडर-१६ ची कॅप्टन आहे. आमची पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणारी), म्हणजे लहानपणापासून आम्ही एकत्र, ती मुंबईच्या एका क्लबमध्ये गेली. तिकडे कोचिंग चांगलं आहे म्हणून. आम्हाला तिने सांगितलं ते गेल्यावर. मुलींनी तिला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून काढलं आणि आता पुढच्या टूर्नामेंटमध्ये ती समोर असणार आहे. काही जणी म्हणतात हात पण मिळवायचा नाही. मला खूप वाईट वाटतंय, आणि खरं सांगू का, तिच्याशिवाय आम्हाला बॉल पण पुढे नेता येत नाहीये. काय करू?

उत्तर: तुझं दुःख वरच्या दादापेक्षा मोठं आहे, कारण त्याला लुका ओळखत नाही आणि तुला ही ओळखते. पण त्यामुळेच तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी त्याच्याकडे नाही, तिचा नंबर. फोन कर. मेसेज नको, मेसेजमध्ये दोघी पण शब्द मोजून लिहाल. तिला सांग की गेलीस त्याचा राग नाही, आधी सांगितलं नाहीस त्याचा आहे. हे दोन वेगळे राग आहेत आणि माझ्या मते दुसरा राग धरायचा तुला पूर्ण हक्क आहे, पहिला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी चांगलं कोचिंग मिळत असेल तर जावंच, स्टेट सिलेक्शन काय परत परत येत नाही, तुला बोलावलं असतं तर तू पण विचार केला असतास. आणि सांगितलं का नाही? बहुतेक तुमच्या तोंडाकडे बघून सांगवलं नसेल तिला.

हात मिळवायचा. कॅप्टन म्हणून तू पहिली जा, बाकीच्या मागून येतील. टोरंटोच्या लोकांनी आपल्याच जुन्या स्टारला, व्हिन्स कार्टरला, २००४ मध्ये तो गेल्यापासून दहा वर्षं जेव्हा येईल तेव्हा हुर्यो केली. २०१४ मध्ये एका मॅचला त्याचा जुना व्हिडिओ लावला आणि तेच लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, तो पण रडला, आणि २०२४ मध्ये त्याची जर्सी तिथे मानाने वर टांगली. दहा वर्षं लागली मोठ्या माणसांना, तुम्ही एवढी वाट का बघायची? आणि हो, ग्रुपमध्ये परत घ्यायलाच पाहिजे असं नाही, टीमच्या ग्रुपमध्ये टीमच्याच मुली असाव्यात हे ठीक आहे, पण मैत्रिणींचा वेगळा ग्रुप असेल तर तिथे घ्या.

आता खेळाचं, कारण निम्मं दुःख तिथेच आहे असं मला वाटतं. स्टार गेल्यावर टीमचं दोनपैकी काहीतरी एक होतं. लेब्रॉन गेला त्या सीझनला क्लीव्हलँड ६१ मॅच जिंकण्यावरून १९ वर आलं, मधे सलग २६ मॅच हरले. उलट कवाय लेनर्ड २०१९ मध्ये टोरंटोला चॅम्पियन करून लगेच निघून गेला, सगळे म्हणाले आता हे खाली येणार, आणि पुढच्या सीझनला ते ५३ जिंकले नि १९ हरले, टक्केवारी काढली तर आदल्या वर्षापेक्षा पण भारी. कारण कवाय यायच्या आधीपासून लाउरी, सियाकम, व्हॅनव्ह्लीट हे तिथेच होते आणि सगळे बॉल हातात घ्यायला तयार होते. क्लीव्हलँडमध्ये सात वर्षं सगळं एकाच्या हातून चाललेलं.

तुमचं पण तेच झालंय, इतकी वर्षं बॉल तिनेच आणला. म्हणून 'नवीन पॉइंट गार्ड कोण' हा प्रश्नच विचारू नकोस, जिला ते काम द्याल तिची रोज गेलेल्या मैत्रिणीशी तुलना होणार आणि ती बिचारी पहिल्या टर्नओव्हरला (बॉल समोरच्यांकडे गेला की) मान खाली घालणार. काम वाटून टाका. बॉल आणायला दोन गार्ड, जिच्यावर प्रेशर कमी ती आणेल. समोरच्यांनी फुल कोर्ट प्रेस लावला, म्हणजे कोर्टभर अडवायला लागले, की तुमच्यातल्या सगळ्यात उंच मुलीने हाफ कोर्टच्या मधे यायचं, तिच्या डोक्यावरून बॉल कोणी काढू शकत नाही, आणि ड्रिबल कमी नि पास जास्त. प्रॅक्टिसमध्ये रोज दहा मिनिटं ड्रिबलच न करता खेळा, सुरुवातीला भांडणं होतील, होऊ दे. शेवटच्या मिनिटाला बॉल कोणाकडे जाणार हे सरांबरोबर बसून आधीच ठरवा, कारण तिथेच तुम्ही सवयीने तिला शोधाल. आणि तिचा खेळ तुमच्याइतका कोणाला माहितीये? तिला डाव्या हाताने जायला आवडत नसेल तर तिकडेच ढकला. हात मिळवायचा, पण डिफेन्स ढिला नाही करायचा.

प्रश्न: घोडबंदर रोडला राहतो. मुलगा १२ वर्षांचा आहे, त्याने ७७ नंबरची मॅव्हरिक्सची जर्सी कचऱ्यात टाकली, मी गुपचूप काढून ठेवलीये. मला क्रिकेटच कळतं, बास्केटबॉल शून्य. त्याच्याशी काय बोलू? माझी बायको म्हणते लक्ष देऊ नका, आपोआप विसरेल.

उत्तर: जर्सी काढून ठेवलीत ते फार छान केलंत. धुऊन कपाटात ठेवा, परत देऊ नका, त्याने मागितली की द्या.

विसरेल कदाचित, पण लक्ष द्या असंच मी म्हणेन, कारण बापाने आपली गोष्ट सिरियसली घेतली हे मुलांच्या लक्षात राहतं. बास्केटबॉल येत नाही हे उलट बरंच आहे, त्यालाच शिकवायला सांगा. पिक अँड रोल म्हणजे काय, लुका एवढा हळू चालतो तरी कोणाला सापडत का नाही, हे विचारा आणि मधे बोलू नका. आणि तुम्हाला जे येतं ते सांगा. २०२४ च्या आयपीएलमध्ये मुंबईची कॅप्टनशिप रोहितकडून हार्दिकला दिली तेव्हा वानखेडेवर आपल्याच लोकांनी आपल्याच कॅप्टनची हुर्यो केली, निर्णय वरच्यांचा आणि ऐकून घेतलं हार्दिकने. त्याच वर्षी ४ जुलैला वर्ल्ड कप घेऊन टीम आली तर मरीन ड्राइव्हवर पाय ठेवायला जागा नाही आणि त्याच वानखेडेवर त्याच हार्दिकच्या नावाचा जयघोष. तुम्ही त्या एप्रिलमध्ये कोणाच्या बाजूने होतात, राग आला होता का, काय वाटलं होतं, ते मुलाला सांगा, खरं खरं सांगा. त्याला पटकन कळेल की बाबांना पण असं होतं.

मॅच बघायची असेल तर हिवाळ्यात डॅलसची घरची मॅच आपल्याकडे साधारण सकाळी सात-साडेसातला असते, शनिवार-रविवारची निवडा म्हणजे शाळेची घाई नाही. कोणाची लावायची ते त्यालाच ठरवू द्या. त्याने लेकर्सची लावली तर 'अरे, तू तर डॅलसचा ना' असं मात्र चुकूनही म्हणू नका.